सूज उतरली म्हणजे घोड्याचा सांधा बरा झाला असे नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा सरला की माथेरान, महाबळेश्वर, पाचगणीचे घोडे पुन्हा कामाला लागतात. उन्हाळ्याच्या गर्दीत ज्यांचा सांधा सुजला होता असे घोडे बरेचदा मधले महिने खुंट्याला बांधूनच राहतात. सूज ओसरलेली दिसते आणि दिवाळीच्या गर्दीला त्यांच्यावर थेट खोगीर चढते. मग तोच पाय पुन्हा लंगडतो. बहुतेक वेळा दुखणे पुढच्या पायाच्या खुरावरच्या जाड सांध्यात, म्हणजे फेटलॉकमध्ये, किंवा पुढच्या गुडघ्यात असते. घोड्याचा सुमारे 60 टक्के भार पुढच्या पायांवर असतो आणि उतारावर तो आणखी वाढतो.

सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत, लवचीक थराला, रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या द्रवातूनच तिचे पोषण होते आणि त्यासाठी सांध्यावर दाब पडावा आणि सुटावा लागतो. हे काम चालण्याने होते. म्हणून पूर्ण विश्रांती फक्त सुरुवातीच्या तीव्र दुखण्यापुरती. पण सांधा गरम असेल, ताप असेल किंवा घोडा पाय टेकतच नसेल, तर त्याला एक पाऊलही चालवू नका. सांध्यात जंतुसंसर्ग किंवा हाडाला तडा असू शकतो. त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर सपाट, दगड नसलेल्या मातीच्या वाटेवर घोडा हाताने धरून, साध्या चालीने, सकाळ-संध्याकाळ 10-10 मिनिटे फिरवावा. दर आठवड्याला प्रत्येक फेरी 5 मिनिटांनी वाढवावी. फेरी 30 मिनिटांवर गेली आणि चाल सरळ राहिली, तर पुढच्या आठवड्यात नुसते खोगीर घालून आणि त्यानंतर हलका स्वार बसवून चालीनेच न्यावे. दुडकी त्याच्याही नंतर, तीही सरळ रेषेत: एक मिनिट दुडकी, तीन मिनिटे चाल, असे तीनदा. चढ आधी, उतार सर्वांत शेवटी. सौम्य दुखण्यातही या सगळ्याला अडीच-तीन महिने लागतात. दुखणे जुने असेल तर त्याहून जास्त, आणि काही घोडे पर्यटकांच्या कामाला पुन्हा योग्य होतच नाहीत. ते मान्य करावे लागते.

दोरीला धरून लहान गोलात फिरवणे या काळात पूर्ण बंद ठेवावे. जागा कमी लागते म्हणून ते सोयीचे वाटते, पण त्यात सांध्याच्या एकाच बाजूवर भार येतो आणि सांधा पिळला जातो. वळायचे असेल तेव्हा मोठा वळसा घ्यावा. आणखी एक धोका पहिल्याच फेरीत असतो. बरेच दिवस बांधलेला घोडा बाहेर येताच उधळतो आणि एका उडीत महिन्याची मेहनत वाया जाते. नुसत्या म्होरकीवर न नेता तोंडात लगाम घालावा, दोन माणसे असावीत, सोबत एखादा शांत घोडा असला तर फारच चांगले.

रोज सकाळी घोडा बाहेर काढण्याआधी दोन्ही पायांच्या सांध्यांवरून तळहात फिरवून ऊब आणि फुगवटा ताडून पाहावा. मग कोणाला तरी घोडा सरळ पुढे न्यायला सांगून (दुडकीची पायरी येईपर्यंत चालीत, नंतर दुडकीत) समोरून पाहावे: पुढचा दुखरा पाय टेकताना डोके वर उचलले जाते, चांगला पाय टेकताना खाली येते. कालच्या फेरीनंतर आज ऊब, सूज किंवा आखडलेपणा वाढला असेल तर दोन दिवस थांबून मागच्या आठवड्याच्या वेळेवर परत यावे. फेरीनंतर सांध्यावर 15-20 मिनिटे थंड पाण्याची धार धरावी. गरम सांध्याला तेल चोळू नये. तापल्या सळईने डाग देणे तर कायमचे थांबायला हवे. त्याने कातडी जळते, आतल्या कूर्चेला काडीचाही उपयोग होत नाही.

वेदनाशामक देऊन घोडा कामाला काढणे हा सर्वांत वाईट प्रकार. दुखणे झाकले जाते, घोडा दुखऱ्या पायावर पूर्ण भार टाकतो आणि कूर्चा झिजत जाते. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक तर गिधाडांसाठी घातक ठरल्याने 2006 पासून जनावरांसाठी बंद आहे; माणसांच्या औषधाची बाटली आणून ते टोचणे बेकायदा आहे.

विश्रांतीच्या काळात चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, निम्म्यावर आणावी, चारा पोटभर द्यावा. पूर्ण चंदी खाऊन उभा राहिलेला घोडा एकदम कामाला लावला की त्याचे कमरेचे स्नायू ताठरतात आणि लघवी तपकिरी होते. खूर आणि नाल दर सहा आठवड्यांनी पाहावेत. खुराचा पुढचा भाग वाढला की पाऊल उचलताना सांध्यावरचा ताण वाढतो.

थंड हवेच्या ठिकाणच्या नगरपालिकांना विनंती आहे की रस्त्यांवर ब्लॉक किंवा डांबर घालताना कडेला मातीचा एक सलग पट्टा सोडावा. गुळगुळीत नालेचा घोडा ओल्या ब्लॉकवर घसरतो आणि बऱ्या होत आलेल्या सांध्याला एक घसरण पुरते. तसेच दिवाळीच्या आधी प्रत्येक घोड्याची दुडकीत तपासणी व्हावी. दुखणाऱ्या जनावराला कामाला लावणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे. मात्र तपासणीत बाद झालेल्या घोड्याच्या मालकाचे त्या दिवसांचे उत्पन्न बुडते. त्याला तेवढ्या काळापुरती मदत मिळाली नाही, तर तो घोडा लपवून कामाला काढेल. तपासणीची तारीख आणि मदतीची रक्कम एकाच वेळी जाहीर करावी.

आपला विश्वासू,
एक पशुवैद्यक, कर्जत (जि. रायगड)