परका म्हणून हाकलू नका, पण जाब विचारा

महोदय,

गोव्यातल्या हरमलच्या किनाऱ्यावरचा रात्रीचा धिंगाणा, वाळूत फुटलेल्या बाटल्या पाहून ‘या परदेशी लोकांना हाकला’ असा सूर गावात सर्रास ऐकू येतो. राग मलाही येतो. अशाच काचेने माझ्या रापणकार (किनाऱ्यावरून जाळं ओढून मासेमारी करणाऱ्या) भावाचा तळवा चिरला आणि पंधरा दिवस त्याचं काम बुडालं.

पण डिसेंबरातला एक रविवार विसरता येत नाही. चर्चमध्ये मिस्सा (रविवारची उपासना) चालू असताना एक परदेशी जोडपं पोहण्याच्या कपड्यांत थेट वेदीपर्यंत आलं आणि फोटो काढू लागलं. मागची मुलं तावातावाने उठली. तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या आजीने आपली शाल त्या मुलीच्या खांद्यांवर घातली आणि तिला हाताला धरून शेजारी बसवलं. मिस्सा संपल्यावर फादरांनी दोघांना बाजूला घेऊन स्पष्ट सुनावलं, पण चारचौघांत नव्हे. चूक आधी एकांतात दाखवावी, हे प्रभू येशूनेच (बायबल, मत्तय १८) शिकवलंय.

परक्याला आपल्यासारखंच लेखा, कारण तुम्हीही मिसरात (इजिप्तमध्ये) परके होता, असं बायबलमधलंच लेवीय १९ सांगतं. आमचीही कितीतरी मुलं आज आखातात आणि बोटींवर परकीच आहेत.

म्हणून माफ करा म्हणजे सोडून द्या, असं मात्र नव्हे. किनाऱ्यावर दारू पिण्यावर कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीपासून दंड आहे. तो देशी-परदेशी न पाहता, पावती देऊन वसूल व्हावा. पंचायतीने रशियन भाषेतही सूचनाफलक लावावेत, आणि तेही हंगामाआधी, ऑक्टोबरातच.

– एक ख्रिस्ती वाचक, हरमल, पेडणे