माळ्यावरची पेटी एकदा उघडून पाहा! (मुंबई हायकोर्टातल्या माणसांच्या आठवणी आणि वस्तूंसाठी आवाहन)

मंजुरी १६,४७,१९६ रुपयांची, खर्च १६,४४,५२८. म्हणजे २,६६८ रुपये उरले. सरकारी बांधकामात पैसे उरले असे आज सांगितले तर कुणी विश्वास ठेवणार नाही, पण ओव्हल मैदानासमोरची मुंबई हायकोर्टाची इमारत अशीच उभी राहिली. कर्नल फुलर यांनी आराखडा केला, १८७१ मध्ये काम सुरू झाले, १८७८ मध्ये संपले आणि जानेवारी १८७९ पासून इथे न्यायमूर्ती बसू लागले.

२२ जुलै १९०८ च्या रात्री इथल्याच दालनात लोकमान्यांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ज्युरी नऊ जणांची, कौल सात विरुद्ध दोन. दुसऱ्या दिवसापासून गिरणी कामगार संपावर गेले, ते सहा दिवस. पुढे १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी त्याच दालनाबाहेर टिळकांच्या उद्गारांची शिला बसवली. ज्या कोर्टाने शिक्षा दिली त्याच कोर्टाने ती बसवावी, याचे आम्हाला अजून अप्रूप वाटते. डॉ. आंबेडकरांनी वकिली केली तीही याच इमारतीत.

हे सारे छापलेले आहे, कुणालाही वाचता येते. पण न्यायमूर्तींच्या पुढे चांदीची काठी घेऊन चालणारे चोपदार, मराठी-गुजराती कागदांचे इंग्रजी करणारे दुभाषी, नकला काढणारे कारकून, गावाहून पहाटेच्या गाडीने येऊन पायऱ्यांवर डबा उघडणारे पक्षकार? त्यांचे कुठे काही सापडत नाही. खांबावरचा तो एक डोळा झाकलेला, हाती तराजू धरलेला माकड-न्यायाधीश तेवढा सगळ्यांना ठाऊक. कोर्टाशी भांडण झालेल्या कंत्राटदाराने सूड म्हणून कोरला म्हणतात. खरेखोटे तो माकडच जाणे.

आता वांद्रे पूर्वेला हायकोर्टाचे नवे संकुल होते आहे. बिऱ्हाड हलले की कागद रद्दीत जातात, हे आपण घरोघरी पाहिले आहे. म्हणून आमच्या वाचनालयाने या माणसांच्या आठवणी आणि वस्तू जमवायला घेतल्या आहेत.

आजोबांचा पितळी बिल्ला, जुनी सनद, नेमणुकीचे पत्र, निरोपसमारंभाचा फोटो, दैनंदिनी, जे असेल ते आणा. तुमच्यासमोर स्कॅन करून लगेच परत देऊ. अशिलांचे खासगी कागद मात्र नकोत. निवृत्त मंडळींनी एक दुपार आमच्याशी बोलायला द्यावी. हिंडता येत नसेल तर आम्ही घरी येऊ.

पैशांचीही गरज आहे: एक मोठा स्कॅनर, कागद टिकवणाऱ्या पेट्या आणि ध्वनिमुद्रणाचे सामान घ्यायचे आहे. रक्कम कितीही चालेल, पावती मिळेल. मोडी वाचता येणारे कुणी असेल तर ते आम्हाला देणगीहून मोलाचे.

वाचनालयात संध्याकाळी पाच ते आठ, सोमवार सोडून. हिशेब दर महिन्याला दारावरच्या फळ्यावर लावू. शिल्लक उरली तर तीही.