कोकणातल्या घराची तयारी पुण्यातून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे संपत आला की अरबी समुद्रातल्या कमी दाबाच्या बातम्या येऊ लागतात आणि पुण्यातून श्रीवर्धन, दापोली, गुहागरकडे फोन सुरू होतात : ‘बाबा, जपून राहा.’ तेवढ्याने काही होत नाही.

हवामान खाते किनाऱ्यावर हवा बिघडण्याच्या ७२ तास आधी पहिली सूचना देते, ४८ तास आधी पिवळा इशारा, २४ तास आधी नारिंगी आणि वादळ जमिनीवर येण्याच्या १२ तास आधी लाल. नारिंगी दिसल्यावर ताम्हिणीच्या रस्त्याला गाडी घालणे ही आपली नेहमीची चूक. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडात किनाऱ्याला लागले आणि घाट चढून पुणे जिल्ह्यातही आले. त्या दिवशी आईवडिलांना आणायला निघालेल्याची आणि वादळाची गाठ घाटातच पडली असती, तीही कोसळणाऱ्या झाडांखाली. आणायचे तर पिवळ्या इशाऱ्याच्या दिवशीच. तो दिवस हुकला तर त्यांना गावातच उंचावरच्या शाळेत किंवा नातलगाच्या स्लॅबच्या घरात हलवायला सांगावे. पुळणीला किंवा खाडीला लागून असलेले घर मात्र स्लॅबचे असले तरी सोडायचेच. ‘निसर्ग’च्या वेळी वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती, अशा उधाणाच्या भरतीवर वादळाने ढकललेले पाणी चढले तर भिंत कितीही पक्की असून उपयोग नाही.

घर सोडण्याआधी छप्पर. पत्र्यांवर दगड, टायर ठेवण्याची पद्धत आहे, पण वारा पत्रा दाबत नाही, उचलतो, आणि सुरुवात कडेच्या व कोपऱ्याच्या पत्र्यापासून होते. मग तेच दगड खाली येतात. कडेचे जे-हुक, म्हणजे पत्रे धरून ठेवणारे वाकडे आकडे, तपासावेत : खाऱ्या हवेने गंजलेला हुक पाना लावताच तुटत असेल तर तो वादळात टिकणार नाही. ही कामे आणि सुके नारळ, लोंबत्या झावळ्या उतरवण्याचे काम आत्ताच, याच आठवड्यात करून घ्यावे. इशारा लागल्यावर झाडावर चढणारा गडी सगळ्यांनाच हवा असतो. गच्चीवरची हजार लिटरची प्लॅस्टिकची टाकी काठोकाठ भरावी. भरल्यावर तिचे वजन हजार किलो होते म्हणून ती जागची हलत नाही, आणि पंप बंद पडल्यावर वापरायला तेच पाणी उरते. रिकामी टाकी शेजाऱ्याच्या कौलांवर जाते.

पिशवीत प्रत्येकी रोजचे तीन लिटर याप्रमाणे तीन दिवसांचे पाणी, रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या १५ दिवसांच्या, टॉर्च, सेलवरचा रेडिओ. वीज गेली की इन्शुलिन ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात ठेवावे. बर्फाला टेकवू नये, एकदा गोठलेले इन्शुलिन वाया जाते. रोख पैसे ५० आणि १०० च्या नोटांत. नेटवर्क नसले की यूपीआय चालत नाही आणि ५०० चे सुटे कोणी देत नाही. ‘निसर्ग’नंतर किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांत वीज आणि मोबाइल बरेच दिवस नव्हते, हे विसरू नये. म्हणून घरात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे हवीत, आणि सगळ्यांनी पुण्यातल्या एकाच ठरलेल्या नंबरावर एसएमएस करायचा. कॉल लागत नसतानाही तो पुष्कळदा पोचतो. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ पुण्यातून फिरवताना आधी एसटीडी कोड लावावा : रायगडसाठी ०२१४१, रत्नागिरीसाठी ०२३५२.

निघताना मेन स्विच बंद, सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टोपी लावलेली, गुरांची दावी सोडलेली. बांधलेले जनावर गोठ्याबरोबर जाते.

वारा एकदम पडला की लोक पत्रे गोळा करायला बाहेर येतात. तो बहुधा वादळाचा डोळा असतो. थोड्याच वेळात वारा उलट्या दिशेने, तितक्याच जोराने येतो.

राहता राहिले कागद. आधार, शिधापत्रिका, पासबुक, सातबारा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बरोबर न्यावेत. शिवाय पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा वाडीतले माड आणि पोफळी मोजून, तारखेसह फोटो काढून पुण्याच्या फोनमध्ये ठेवा. तलाठी पंचनाम्याला येतो तेव्हा पडलेली झाडे अनेकदा तोडून बाजूला केलेली असतात.

— एक वाचक, कर्वेनगर, पुणे