ओमच्या बोलण्याविषयी

मँचेस्टर

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही सर्व सुखरूप आहोत. ओमच्या ऑटिझमसाठीची बोलण्याची थेरपी नियमित चालू आहे; त्यात कोणतीही हयगय नाही.

येथील पद्धत तुम्हांला नवलाची वाटेल. स्पीच थेरपिस्ट मुलाला आत नेऊन शब्द घोकून घेत नाहीत. मी आणि ओम जमिनीवर बसून खेळतो, त्या आमचे चित्रीकरण करतात आणि मग ते मध्येमध्ये थांबवून मलाच विचारतात, की येथे त्याने काय केले? गाडीचे चाक फिरवताना त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले होते. मी "फिरलं चाक" म्हटले, तेव्हा त्याने पुन्हा पाहिले आणि चाक माझ्यापुढे धरले. शब्दांच्या आधी ही देवाणघेवाण यावी लागते. ही पद्धत येथील विद्यापीठाचे डॉ. जोनाथन ग्रीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑटिझम असलेल्या १५२ मुलांवर तपासली. २०१० मध्ये पालक आणि मुलांच्या संवादात फरक दिसला होता, आणि सुमारे सहा वर्षांनी ही थेरपी मिळालेल्या मुलांची ऑटिझमची लक्षणेही इतर मुलांच्या तुलनेने सौम्य आढळली. त्यामुळे मी घरी खेळतच बसते, असे काकूंना वाटू देऊ नये.

तुम्ही म्हणता तसा मामाही उशिरा बोलला हे खरे, परंतु ओम हवी ती वस्तू बोटाने दाखवतही नव्हता. आता केळे हवे असले, की तो केळ्याचे चित्र माझ्या हातात आणून देतो. चित्रांच्या सवयीने बोलणे अडत नाही, आणि दोन भाषांमुळेही तो मागे पडलेला नाही. घरी मराठीच बोला, असे थेरपिस्टही सांगतात. म्हणून आई, व्हिडिओ कॉलवर "हे काय? ते काय?" असे विचारण्याऐवजी तो जे करत असेल तेच छोट्या वाक्यात म्हण आणि थोडी थांब. तो स्क्रीनकडे पाहत नसला, तरी तुझा आवाज लागताच खेळ घेऊन फोनजवळ येतो.

बाबा, सुमाच्या साखरपुड्याला मी नव्हते, हे मनातून जात नाही. लग्नाला आम्ही नक्की येऊ. ओमला बँडचा आवाज सोसत नाही, तेव्हा कार्यालयात मागच्या बाजूची एक खोली आमच्यासाठी राखून ठेवावी. नातेवाईक काय म्हणतील ते मी पाहून घेईन. कार्यालयाची उरलेली रक्कम पुढच्या आठवड्यात पाठवते. पतसंस्थेचे कर्ज कृपा करून काढू नये.

आपली,
मेधा