बाबांच्या डोळ्यांसमोर कागद धरणाऱ्या डॉक्टरांना

डॉक्टर,

तुम्हाला कदाचित आठवणारही नाही. सहकारनगरहून आणलेले, गच्चीवरच्या टाकीच्या शिडीवरून बसकण मारल्यासारखे आपटलेले ते माझे बाबा.

तुमच्याकडे येण्याआधी एक अख्खा दिवस आम्ही दुसऱ्या रुग्णालयात काढला. "मणक्याचा चुरा झालाय, आजच ऑपरेशन, नाहीतर पाय जातील." एवढंच सांगितलं, तेही बाबांच्या खाटेपाशी उभं राहून, माझ्याकडे बघत. बाबा पाय हलवत होते, त्यांना कुणी काही विचारलं नाही. "कशावरून?" असं मी विचारलं, तर मला पैसे भरायला पाठवलं. तो राग अजून उतरलेला नाही.

उताणं पडलेल्या माणसाला फक्त छत दिसतं, हे आमच्या घरच्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं. तुम्ही सीटी आणि एमआरआय बघून आलात, बाबांवर वाकलात, त्यांना दिसेल असा कागद वर धरलात आणि खालून चित्र काढायला लागलात. बॉलपेन दोन रेघांत अडलं. तुम्ही सिस्टरांकडून पेन्सिल मागून घेतलीत. हात अवघडला असेल तुमचा, पण कागद खाली आला नाही.

"काका, अशा इजा आम्ही तीन गटांत बघतो. ए म्हणजे मणक्याचा पुढचा भाग दबतो किंवा फुटतो. बी म्हणजे मणक्यांना मागून आवळून धरणारा पट्टा तुटतो. सी म्हणजे मणके एकमेकांवरून सरकतात. तुमचा कमरेचा पहिला मणका फुटलाय, पण वरची कडच गेलीय, खालची शाबूत आहे. ए-थ्री म्हणतात त्याला."

मग कागदाच्या कडेला गुण मांडलेत. फुटलेल्या मणक्याचे २, मागचे बंध धड म्हणून ०, नसांना इजा नाही म्हणून ०. बेरीज २. ३ पर्यंत सहसा ऑपरेशन लागत नाही, ४ ला दोन्ही वाटा खुल्या, ५ पासून पुढे ऑपरेशनकडे कल. बेरीज तुम्ही बाबांनाच करायला लावलीत.

आयुष्यभर हिशेब लिहिलेल्या माणसाला त्याच्याच पाठीचा हिशेब कुणीतरी दाखवला. बाबांनी पहिला प्रश्न विचारला, "मग मी कुशीवर वळू का?" दीड दिवस ते श्वाससुद्धा जपून घेत होते, हे मला तेव्हा कळलं. "एकट्यानं नाही, आम्ही वळवू, ओंडक्यासारखं सगळं अंग एकदम," म्हणालात आणि स्वतः खांद्याला हात लावलात.

हुशार डॉक्टर पुण्यात पुष्कळ आहेत. पण ज्याचं शरीर आहे त्याच्याशीच बोलावं, एवढी साधी माणुसकी आम्हाला त्या दिवशी तुमच्याकडे भेटली. ऑपरेशन लागलं असतं तरी मी हे पत्र लिहिलंच असतं.

बारा आठवडे पट्टा बांधला, आता तो निघाला. तुमचा तो कागद बाबांनी पंचांगात ठेवलाय. पेन्सिल पुसट व्हायला लागली म्हणून परवा त्यांनी स्वतः बसून, बसून डॉक्टर, रेघा पुन्हा गिरवल्या.

तुमच्या पेशंटची मुलगी