सूचना : पार्टीनंतरच्या रात्री काय करायचं

विद्यार्थी मदत गटाच्या सर्व सदस्यांसाठी,

परीक्षा संपल्या की पार्ट्या सुरू होतात, म्हणून पुन्हा एकदा आठवण. कोणी पिऊन निपचित पडला असेल तर "झोपू दे, सकाळी उतरेल" म्हणत दार ओढून घेऊ नका. पिणं थांबल्यावरही पोटातली दारू रक्तात मिसळत राहते. हाक मारून, हलवून जाग येत नसेल, श्वास मिनिटाला 8 पेक्षा कमी असतील, दोन श्वासांत 10 सेकंदांहून मोठा खंड पडत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. तोवर त्याला कुशीवर ठेवा आणि एकटं सोडू नका. उलटी श्वासनलिकेत गेली तर जिवावर बेतते. कॉफी, गार पाण्याची आंघोळ यांनी काहीही उतरत नाही, नुसता वेळ जातो. सोबत झोपेच्या गोळ्या किंवा आणखी काही घेतलं असेल तर डॉक्टरांना खरं सांगा. मित्राला वाचवायचं की त्याची अब्रू, हा प्रश्न त्या वेळी पडूच नये.

रोज पिणाऱ्याला "आजपासून बंद" अशी शपथ घालू नका. भरपूर पिण्याची सवय एकदम तुटली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. बोलायचं तर तो शुद्धीत असताना, एकट्याला गाठून. "या आठवड्यात दोन प्रॅक्टिकल बुडवलीस, काय चाललंय?" एवढी सुरुवात पुरते. भाषण नको.

कोणाचंही नाव, फोटो गटावर टाकू नये. थेट समुपदेशकांशी बोला.