रोम एका दिवसात होत नाही

मा. संपादक,

स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला रोमवरचा लेख काल दुपारी वाचला आणि तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून लिहायला बसले. फिरून आलेल्या माणसाने आपला अनुभव जरूर लिहावा, त्याला माझी ना नाही. पण "रोम एका दिवसात आरामात होतं आणि एकदा बघितलं की परत जाण्यासारखं काही उरत नाही" हे वाक्य छापताना तुमच्याकडे कुणालाच खटकलं नाही? वर तेच उचलून मोठ्या टायपात चौकटीत टाकलंय!

एका दिवसात काय होतं ते मला विचारा, कारण आमचं पहिलं रोम तसंच झालं. ग्रुप टूर, नाव लिहीत नाही, पण तुमच्या पेपरात जाहिराती असतात त्यातलीच एक. कलोसियम बाहेरून, ट्रेव्हीच्या कारंज्यापाशी फोटो, मग पँथिऑन, म्हणजे रोमन लोकांचं जुनं घुमटाचं देऊळ. आमचे हे पीडब्ल्यूडीत इंजिनिअर होते, सगळी नोकरी पूल आणि रस्त्यांवर गेलेली. त्यांना पूर्ण युरोपात एकच गोष्ट बघायची होती, ती म्हणजे पँथिऑनचा घुमट. जवळपास १९०० वर्षांपूर्वीचं काँक्रीट, आत लोखंडाची एक सळई नाही, ४३ मीटरचा व्यास आणि जमिनीपासून वरपर्यंतची उंचीही तेवढीच. खाली भिंतीपाशी सहा मीटर जाड आणि वर घुमटाच्या मधोमध जे मोठं गोल भोक आहे त्याच्यापाशी जेमतेम सव्वा मीटर, आणि वरच्या भागात वजन कमी व्हावं म्हणून मुद्दाम हलका ज्वालामुखीचा दगड मिसळलेला. हे सगळं ते निघायच्या आधी महिनाभर मला ऐकवत होते.

आम्ही आत गेलो आणि बाहेर पाऊस सुरू झाला. वरचं भोक उघडंच असतं, काच नाही काही नाही, त्यामुळे पावसाचा एक गोल खांब सरळ आत उतरत होता आणि मधल्या फरशीवर पाणी तडतडत होतं. लोक बाजूला सरकले, हे पुढे गेले. फरशी मध्यभागी किंचित फुगीर आहे आणि तिला छोटी भोकं आहेत, त्यातून पाणी कसं निचरतं ते बघायला चक्क खाली उकिडवे बसले. तेवढ्यात टूर मॅनेजर आला, "काका चला, बाकीचे खोळंबलेत, जेवणाची वेळ झाली." हे म्हणाले दहा मिनिटं दे रे बाबा. त्याने दिली नाहीत. बाहेर येऊन भिजत चालत कुठल्यातरी तळघरातल्या इंडियन हॉटेलात पनीर आणि जिरा राईस खाल्ला आणि तिथे मात्र सव्वा तास बसलो. मी तेव्हा गप्प बसले, कारण ग्रुपमध्ये वाद नको.

ह्यांना परत रोमला जायला मिळालं नाही. मला मिळालं, कारण पुढे धाकट्या मुलीची नोकरी तिकडे लागली. म्हणून "परत जाण्यासारखं काही नाही" हे वाक्य मला एवढं लागलं, आता तुम्हाला ते पटो न पटो.

पँथिऑनला मी प्रत्येक वेळी जातेच. आधी फुकट होतं, २०२३ मध्ये ५ युरो तिकीट सुरू झालं आणि ते खुशाल घ्यावं. पण सकाळी गेलात तर उन्हाचा गोल एका जागी असतो, दुपारी दुसऱ्या, थंडीत तो वर घुमटावरच राहतो आणि उन्हाळ्यात खाली फरशीवर येतो, मग एकदा बघितलं म्हणजे नेमकं काय बघितलं?

तिथून पाच मिनिटांवर सान लुईजी देई फ्रांचेझी नावाचं चर्च आहे, लेखात त्याचा उल्लेखसुद्धा नाही. आत डाव्या हाताच्या शेवटच्या कोनाड्यात काराव्हाज्जो नावाच्या इटालियन चित्रकाराची तीन मोठी चित्रं आहेत, १६०० च्या आसपासची, बघायला तिकीट नाही. मी जायचे तेव्हा तिथे एक पेटी होती, नाणं टाकलं की दिवे लागायचे आणि थोड्या वेळात खट्कन विझायचे, मग अंधारात सगळे एकमेकांकडे बघत उभे, आता कोण टाकणार म्हणून. त्यातल्या एका चित्रात जकात वसूल करणारे टेबलाशी बसलेत आणि येशू दारातून त्यांच्यातल्या मॅथ्यूकडे, म्हणजे पुढे जो त्याचा शिष्य झाला त्याच्याकडे, बोट दाखवतोय. पहिल्यांदा माझं लक्ष फक्त त्या बोटाकडे आणि भिंतीवरच्या उजेडाकडे गेलं. नंतर कधीतरी टेबलाच्या टोकाचा एक पोरगा दिसला, बाकीचे बहुतेक वर बघतायत आणि ह्याने मानच उचललेली नाही, पैशावरून नजर हलत नाही. तो मला आधी दिसलाच नव्हता. आता मी गेले की आधी त्यालाच शोधते.

आणि कलोसियमपासून चालत जाण्याइतकं जवळ सान क्लेमेंते आहे. वर बाराव्या शतकातलं चर्च, सोन्याच्या मोझॅइकचं. जिना उतरलं की त्याच्या खाली चौथ्या शतकातलं चर्च. अजून खाली उतरलं की रोमन काळातली घरं, गल्ली आणि मिथ्रा नावाच्या तेव्हाच्या एका देवाचं देऊळ. तिथे खाली भिंतीच्या आड पाणी वाहिल्याचा आवाज येतो, जमिनीखालून अजून पाणी जातंय. बटाट्याच्या पोत्यासारखी माणसं बसमध्ये भरून नेणाऱ्यांना तिथे थांबायला वेळ नसतो हे समजू शकते, पण लेख लिहिणाऱ्याने तरी सांगायला हवं होतं.

संध्याकाळ मोकळी असेल तर मेट्रोच्या पिरामिदे स्टेशनला उतरावं. समोर खराच पिरॅमिड आहे, कुणा रोमन अधिकाऱ्याची कबर, त्याच्या मागे परदेशी लोकांची दफनभूमी, इंग्रजी कवी कीट्स तिथेच आहे, त्याच्या दगडावर त्याचं नाव नाही. मांजरं भरपूर. शेजारी एक टेकडी आहे ती अख्खी तेलाच्या फुटक्या रोमन रांजणांच्या खापऱ्यांची, टाकून टाकून झालेली. मुलगी ऑफिसमधून येईपर्यंत मी त्याच भागात असायचे.

आता पाण्याचं. लेखात लिहिलंय रोममध्ये पाणी विकतच घ्यावं लागतं, बॅगेत बाटल्या भरून न्या. अहो, त्या शहरात अडीच हजारांच्या आसपास नळ आहेत रस्त्यावर, बिडाचे, कमरेएवढे, नासोनी म्हणतात त्यांना, १८७४ पासून चालू आहेत आणि पाणी थंडगार, फुकट. खालचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या बारीक भोकातून धार उडते, वाकायची पण गरज नाही, माझ्यासारख्या गुडघे दुखणाऱ्या बाईला सुद्धा जमतं. ट्रेव्हीच्या कारंज्याचं पाणी इ.स.पूर्व १९ मध्ये अग्रिपा नावाच्या रोमन सेनापतीने आणलं, त्याच अग्रिपाचं नाव पँथिऑनच्या दर्शनी भागावर कोरलंय. एवढी पाण्याची हौस असलेल्या शहराबद्दल असं लिहावं?

शेवटचं म्हणजे फोटो. पान भरून पांढरी इमारत छापलीय, खाली "व्हॅटिकन". ते व्हॅटिकन नाही. ते पियात्सा व्हेनेत्सियामधलं राजा व्हिक्टर इमॅन्युएलचं स्मारक आहे, टायबर नदीच्या ह्या बाजूला, व्हॅटिकन त्या बाजूला. पूर्वी तुमच्याकडे फोटोंखालच्या ओळी नीट तपासल्या जायच्या, आम्ही मुलांना पेपर वाचायला लावायचो ते उगीच नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीची बुकिंगं आत्ताच चालू आहेत. पुढच्या रविवारी निदान फोटोची आणि पाण्याची दुरुस्ती छापा, पहिल्या पानावर नको, पुरवणीतच पण दिसेल अशी. आणि हे पत्र छापताना जागा कमी पडली तर वरचं रागाचं कापा, सान क्लेमेंतेचं कापू नका.

आपली,
एक जुनी वाचक, नाशिक